सायनसच्या ऑपरेशननंतर नाकात येणारे विचित्र वास

प्रश्न थोडक्यात असा: नाकातल्या पॉलिपसाठी (अस्तर सुजून आलेले मऊ गोळे) दुर्बिणीतून सायनसचं (नाकाभोवतीच्या हाडांतल्या पोकळ्यांचं) ऑपरेशन होऊन सहा आठवडे झाले. नाक मोकळं झालं, डोक्यातलं जडपण गेलं. पण तिसऱ्या आठवड्यापासून मधूनच काहीतरी जळत असल्यासारखा वास येतो, आणि सकाळी उठल्यावर कुजकट वास येतो. घरात दुसऱ्या कुणालाच तो जाणवत नाही. कॉफी पूर्वी आवडायची, आता तिचा वास आला की मळमळतं. आत काही राहिलं आहे का? इन्फेक्शन झालं आहे का? की ऑपरेशनमध्ये वासाची नस दुखावली?

मी कान-नाक-घसा सर्जन आहे आणि सायनसची ऑपरेशनं हा माझ्या रोजच्या कामाचा मोठा भाग आहे. तुम्हाला तपासल्याशिवाय निदान सांगता येणार नाही. पण तुम्ही जे लिहिलं आहे त्यात मला एक नाही, दोन वेगळ्या तक्रारी दिसतात. सकाळचा कुजकट वास हा बहुधा नाकात साचलेल्या कशाचा तरी खरा वास आहे. जळका वास आणि कॉफीची शिसारी हा वासाच्या नसांचा प्रश्न आहे. पहिल्याला सफाई हवी, दुसऱ्याला वेळ द्यावा लागतो. हे न ओळखता दोन्हींवर एकच औषध शोधलं की अँटिबायोटिकचे कोर्सवर कोर्स होतात आणि जळका वास मात्र जागच्या जागी राहतो. म्हणून आधी हे दोन वास वेगळे करायला शिका.

नस कापली गेल्याची भीती पहिल्यांदा बाजूला करू. वास घेणारं अस्तर नाकाच्या अगदी छताला, दोन डोळ्यांच्या मधोमध असतं. दोन्ही बाजूंचं मिळून ते जेमतेम काही चौरस सेंटिमीटर भरतं. तिथून निघालेले बारीक तंतू चाळणीसारखी भोकं असलेल्या पातळ हाडातून थेट मेंदूकडे जातात. ही जागा मधल्या टर्बिनेटच्या (नाकाच्या बाजूच्या भिंतीवरून आत आलेल्या वळणदार हाडाच्या) आतल्या अंगाला, नाकाच्या पडद्याकडे आहे. बहुतेक सायनसची तोंडं त्याच टर्बिनेटच्या बाहेरच्या अंगाला उघडतात आणि आमचं बरंचसं काम तिकडेच चालतं. तरी इजा होऊच शकत नाही असं मी म्हणणार नाही. पॉलिप वरच्या खाचेत शिरलेले असतील तर तिथेही जपून हात घालावा लागतो. पण नस कायमची गेली असती तर वास पहिल्या दिवसापासून गेला असता आणि गेलेलाच राहिला असता. तुम्हाला कॉफी ओळखू येते, तिचा त्रास होतो, म्हणजे ती यंत्रणा जिवंत आहे. तिचं काम बिघडलं आहे, थांबलेलं नाही.

आता नाकात साचणाऱ्या वासाबद्दल. ऑपरेशननंतर नाक स्वतःला साफ करणं काही आठवडे विसरतं, हे बहुतेकांना कुणी समजावून सांगत नाही. निरोगी नाकात अस्तरावरचे अतिसूक्ष्म केस म्यूकसचा (शेंबडाचा) पातळ थर सतत पुढे ढकलत असतात. ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरातले वाल्टर मेसरक्लिंगर यांनी दाखवून दिलं की प्रत्येक सायनसमधला म्यूकस ठरलेल्या वाटेनं त्याच्या नैसर्गिक तोंडाकडेच सरकतो. शेजारी दुसरं भोक पाडलं तरी तो वाट बदलत नाही. आजचं दुर्बिणीचं ऑपरेशन याच निरीक्षणावर उभं आहे. अमेरिकेत डेव्हिड केनेडी यांनी १९८५ मध्ये त्याला ‘फंक्शनल’ हे विशेषण जोडलं ते याचसाठी: सगळं खरवडून काढायचं नाही, नैसर्गिक वाट मोकळी करायची आणि बाकीचं काम अस्तरावर सोपवायचं. पण ऑपरेशनच्या जागी अस्तर सुजलेलं असतं, काही ठिकाणी नव्याने येत असतं. हे सूक्ष्म केस पूर्ववत चालायला साधारण सहा ते बारा आठवडे लागतात, जुनाट आजार असेल तर आणखी जास्त. तोवर म्यूकस साचतो, वाळतो, त्याच्या खपल्या होतात. त्यात जुनं रक्त असतं, विरघळणारा पॅक (नाकात भरलेला बोळा) ठेवला असेल तर त्याचा उरलेला भाग असतो. ओलसर, उबदार जागी हे सगळं दिवसेंदिवस पडून राहिलं की वास येणारच.

पहिल्या आठवड्यात बहुतेकांना रक्ताचा, लोखंडासारखा वास आणि चव जाणवते. काहींना भूल देताना घशात घातलेली नळी वा भुलीच्या औषधांमुळे घशात चमत्कारिक चव राहते, काहींना रक्तवाहिन्या बंद करायला वापरलेल्या कॉटरीमुळे खरोखरच करपल्यासारखा वास येतो. हे सगळं काही दिवसांत ओसरतं. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात विरघळणारा पॅक करड्या-तपकिरी जेलीसारखा सुटू लागतो. तो नाक धुताना बाहेर पडला की लोक घाबरून फोटो पाठवतात. त्यात घाबरण्यासारखं काही नसतं. तो बाहेर येतो आहे हेच चांगलं आहे.

तपासणीच्या खुर्चीत आम्हाला काय दिसतं ते सांगतो, म्हणजे सकाळच्या वासाचा उलगडा होईल. दुर्बीण आत सरकवली की मधल्या टर्बिनेटच्या बाजूला एक तपकिरी, कडेने सुकलेली खपली चिकटलेली असते. वरून ती कोरडी दिसते. बारीक चिमट्यानं तिची कड उचलली की खाली दाट, पिवळसर चिकट म्यूकसचा थर असतो, आणि वास असतो तो त्या थराला. खपली झाकणासारखी बसलेली असल्यानं नाक धुण्याचं पाणी तिच्यावरून वाहून जातं, खाली पोचतच नाही. ती काढून सक्शननं जागा साफ केली की पुष्कळ पेशंट तिथल्या तिथे सांगतात की वास कमी झाला. रात्रभर आडवं झोपल्यावर, तोंडानं श्वास घेतल्यावर हा थर अधिक सुकतो, म्हणून सकाळी त्रास जास्त. ऑपरेशननंतरच्या सफाईच्या भेटी लोक ‘आता बरं वाटतंय’ म्हणून टाळतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. त्या भेटी ऑपरेशनचाच भाग आहेत. खपल्या तशाच राहिल्या तर समोरासमोरचे दोन ओले पृष्ठभाग एकमेकांना चिकटून मोकळी केलेली वाट पुन्हा बुजू शकते.

इन्फेक्शन वेगळं कसं ओळखायचं? फक्त पिवळा रंग पाहून नाही. सुरुवातीच्या आठवड्यांत पिवळट-तपकिरी स्राव सामान्य आहे. आधी कमी होत आलेला स्राव पुन्हा वाढला, हिरवा आणि दाट झाला, चेहऱ्यात ठणका सुरू झाला, ताप आला, वास दिवसागणिक तीव्र होत गेला, तर इन्फेक्शनचा विचार करावा लागतो. अशा वेळी मी दुर्बिणीतून थेट त्या जागेचा स्राव घेऊन कल्चरला (त्यात कोणते जंतू आहेत हे शोधणाऱ्या तपासणीला) पाठवणं पसंत करतो. ऑपरेशन झालेल्या नाकात स्टॅफिलोकोकस, सुडोमोनास असे नेहमीच्या गोळ्यांना न जुमानणारे जंतूही सापडतात. अंदाजानं दिलेलं अँटिबायोटिक तिथे फुकट जातं, आणि क्लॅरिथ्रोमायसिन किंवा मेट्रोनिडाझोलसारख्या औषधांनी तोंडात कडू, धातूसारखी चव येऊन गोंधळ आणखी वाढतो.

वास एकाच बाजूचा आणि अगदी कुजका असेल तर माझी नजर दातांकडे जाते. वरच्या दाढांची मुळं गालाच्या सायनसच्या तळाला टेकलेली असतात, कधी कधी त्यांच्या आणि सायनसच्या मध्ये फक्त अस्तरच असतं. मुळाशी पू झालेला दात दुखेलच असं नाही, विशेषतः आधी रूट कॅनाल झालेला असेल तर. सायनस उत्तम उघडला आणि दात तसाच राहिला तर वास परत येतो. दातातून येणारे जंतू बरेचदा ऑक्सिजनशिवाय जगणारे असतात आणि ते गंधकाची घाण वासाची संयुगं तयार करतात. तेव्हा एका बाजूचा दुर्गंध सहा-आठ आठवड्यांनी टिकून असेल तर ऑपरेशनआधीचा सीटी स्कॅन पुन्हा काढून दातांची मुळं नीट बघायला सांगा, आणि डेंटिस्टलाही दाखवा. एकाच बाजूच्या वासाची बाकीची कारणं म्हणजे राहून गेलेला पॅकचा तुकडा, बुरशीचा गोळा, किंवा नैसर्गिक तोंड आणि नवं भोक यांच्यात गोल गोल फिरत राहणारा म्यूकस. ही सगळी दुर्बिणीतून आणि स्कॅनवर सापडतात.

तुमची दुसरी तक्रार अधिक गुंतागुंतीची आहे आणि लोकांना अधिक छळते, म्हणून तिच्याबद्दल सविस्तर लिहितो.

समोर काहीच नसताना वास येणं, याला फँटोस्मिया म्हणतात. समोर कॉफी आहे, पण ती कॉफीसारखी न येता भलतीच येते, याला पॅरोस्मिया म्हणतात. दोन्हींत येणारा वास बहुतेक वेळा वाईटच असतो: जळका, रासायनिक, सडका. हे मानसिक नाही. ‘मला वेड तर लागलं नाही ना’ असं खालच्या आवाजात विचारणारे पेशंट मी पाहिले आहेत, आणि घरच्यांना वास येत नाही म्हणून त्यांच्यावर विश्वास ठेवला जात नाही हेही पाहिलं आहे. वास तुम्हाला खरोखर येतो आहे. त्याचा उगम हवेत नाही, नसांमध्ये आहे, इतकंच.

असं का होतं? माणसाच्या नाकात वास ओळखणारे सुमारे ४०० प्रकारचे रिसेप्टर आहेत. लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांनी १९९१ मध्ये या रिसेप्टरांच्या जनुकांचं कुटुंब शोधलं आणि २००४ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. एक वास म्हणजे एक रिसेप्टर असा हिशेब नसतो. कॉफीच्या वाफेत शेकडो रसायनं असतात, त्यांतली काही अनेक रिसेप्टरांना एकदम जागं करतात आणि त्या सगळ्या संकेतांच्या नमुन्यावरून मेंदू म्हणतो: कॉफी. वर्षानुवर्षांच्या सुजेनं आणि पॉलिपनं या अस्तरातल्या पेशी कमी झालेल्या असतात. त्यांतल्या काहीच काम करत असल्या तर संगीताच्या मैफलीत अर्धे वादक गैरहजर असताना वाजवलेल्या चिजेसारखं होतं: सूर ऐकू येतात, चीज ओळखीची राहत नाही. मेंदूला तो अनोळखी नमुना धोक्याचा वाटतो आणि शिसारी येते.

यात आशेची गोष्ट अशी की वासाच्या नसा पुन्हा वाढू शकतात. अस्तराच्या तळाशी असलेल्या मूळ पेशींपासून नव्या पेशी आयुष्यभर तयार होत असतात. त्यांच्या तंतूंना हाडातल्या भोकांतून वर जाऊन मेंदूतल्या योग्य ठिकाणी जोडलं जायचं असतं. याला आठवडे नाही, महिने लागतात, आणि सुरुवातीच्या जोडण्या कच्च्या असतात. म्हणूनच पॅरोस्मिया पुष्कळदा वास पूर्ण गेलेला असताना येत नाही, परतायला लागल्यावर येतो. व्हायरल आजारानंतर हा त्रास सर्वांत जास्त दिसतो. सायनसच्या ऑपरेशननंतर तो कमी दिसतो, पण दिसतो. ऑपरेशननं वाट मोकळी झाल्यावर बऱ्याच काळानंतर हवा थेट त्या छताशी पोचू लागते, ते अस्तर मात्र अजून सावरत असतं.

कॉफीच का, याचंही उत्तर आहे. इंग्लंडमधल्या रीडिंग विद्यापीठातल्या जेन पार्कर आणि सहकाऱ्यांनी कॉफीच्या वासातले घटक वेगळे करून पॅरोस्मिया असलेल्या लोकांना एकेक हुंगायला दिले. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामात सर्वाधिक लोकांना त्रास देणारा घटक निघाला २-फ्युरानमिथेनथायॉल. हे गंधक असलेलं रसायन कणभर असलं तरी नाकाला कळतं, आणि भाजलेल्या कॉफीचा ओळखीचा वास मुख्यतः त्याचाच. कांदा, लसूण, तळलेलं किंवा भाजलेलं मांस, अंडी यांच्या वासातही अशीच गंधकाची किंवा भाजण्यातून निर्माण होणारी तीव्र रसायनं असतात. टूथपेस्टचाही अनेकांना त्रास होतो. तेव्हा तुम्हाला नेमकी कॉफी नकोशी झाली यात नवल नाही, आणि त्यावरून आत काही सडतं आहे असा निष्कर्ष निघत नाही.

आता हे दोन वास घरी वेगळे कसे करायचे. एका वहीत आठवडाभर चार गोष्टी टिपा. वास एका नाकपुडीचा आहे की दोन्हींचा? एकेक नाकपुडी बोटानं हलकी बंद करून हुंगा. नाक धुतल्यावर तासभर तो कमी होतो का? एखाद्या ठरावीक पदार्थानं सुरू होतो, की आपोआप? आणि अगदी जवळ आलेल्या माणसाला तो येतो का? नाक धुतल्यावर कमी होणारा, सकाळी वाढणारा, खपली पडली की जाणारा वास म्हणजे साचलेला माल. धुण्यानं काहीच फरक न पडणारा, पदार्थागणिक उमटणारा वास म्हणजे नस. शेवटच्या प्रश्नाच्या बाबतीत मात्र सावध राहा. दुसऱ्याला वास येतो तेव्हा आत नक्की काहीतरी आहे, पण दुसऱ्याला येत नाही म्हणून आत काही नाही असं समजू नका. सायनसमधला पू तुमच्या वासाच्या अस्तराला खेटून असतो, समोरच्याच्या नाकापासून लांब.

दोन्ही प्रकारांत करायची पहिली गोष्ट म्हणजे नाक धुणं, आणि ते नीट धुणं. स्प्रेचे दोन फवारे म्हणजे धुणं नाही. ऑपरेशननंतरच्या पोकळीत पोचायला मोठी बाटली लागते, साधारण २४० मिलीची, दिवसातून निदान दोनदा, तुमच्या सर्जननं सुरू करायला सांगितल्यापासून. पाण्यात मिसळायच्या मिठाच्या तयार पुड्या मिळाल्या तर त्याच वापरा. घरी करायचं तर २४० मिली पाण्याला सपाट अर्ध्या छोट्या चमच्याहून थोडं कमी, आयोडीन न घातलेलं मीठ आणि चिमूटभर खाण्याचा सोडा. म्हणजे द्रावण सुमारे ०.९ टक्क्यांचं, शरीराच्या क्षारांच्या जवळपासचं होतं. झोंबलं तर प्रमाण चुकलं आहे किंवा पाणी गार आहे. पाणी कोमट असावं. बेसिनवर वाका, तोंड उघडं ठेवा, हलकेच दाबा, गिळू नका. संपल्यावर डोकं खाली करून दोन्ही बाजूंना कलवा आणि आत राहिलेलं पाणी पडू द्या.

पाण्याबद्दल तडजोड नको. नळाचं पाणी सरळ नाकात घालू नका. ते डिस्टिल्ड किंवा निर्जंतुक असावं, नाहीतर खळखळ उकळी आल्यावर एक मिनिट उकळून कोमट केलेलं. समुद्रसपाटीपासून २००० मीटरपेक्षा उंच राहत असाल तर तीन मिनिटं उकळा. नेग्लेरिया फाउलेरी नावाचा अमीबा पोटात गेला तर काही करत नाही, पण नाकावाटे गेला तर मेंदूपर्यंत पोचतो आणि बहुतेक वेळा जीव घेतो. हे फार क्वचित घडतं, पण टाळणं इतकं सोपं आहे की धोका घेण्यात अर्थ नाही. आणखी एक साधी गोष्ट: बाटली हुंगून बघा. आत ओल राहून शेवाळल्यासारखा वास येणारी बाटली मी पेशंटच्या पिशवीतून बाहेर काढलेली आहे, आणि विचित्र वासाचा उगम तिथेच सापडलेला आहे. प्रत्येक वेळी साबणानं धुवा, निर्जंतुक पाण्यानं विसळा, झाकण काढून उलटी सुकवा, दर तीन महिन्यांनी नवी घ्या.

तुम्हाला पॉलिप होते, म्हणून स्टेरॉइडचा स्प्रे किंवा धुण्याच्या पाण्यात ब्युडेसोनाइड हे स्टेरॉइड दिलं असेल. ते वासाला घाबरून किंवा बरं वाटलं म्हणून परस्पर बंद करू नका. ऑपरेशननं पॉलिप निघतात, पॉलिप बनवणारी सूज राहते. वास परतला की पेशंटना वाटतं काम झालं, स्प्रे सुटतो, आणि काही महिन्यांनी वास पुन्हा मंदावतो. पॉलिपवाल्या माणसाच्या बाबतीत वास कमी होणं ही परतणाऱ्या सुजेची फार लवकर मिळणारी खूण आहे, नाक चोंदण्याच्याही आधीची. तिची नोंद ठेवा.

नसांसाठी काय करायचं? वासाचा सराव. जर्मनीतल्या ड्रेस्डेनमध्ये थॉमस हुमेल यांच्या गटानं २००९ मध्ये ही पद्धत मांडली: गुलाब, निलगिरी, लिंबू आणि लवंग असे चार वास, सकाळ-संध्याकाळ, प्रत्येक दहा ते वीस सेकंद, निदान बारा आठवडे. मी सहा महिने चालू ठेवायला सांगतो. जोरात ओढून घेऊ नका, छोटे छोटे श्वास घ्या आणि पूर्वी तो वास कसा होता ते आठवायचा प्रयत्न करा. या सरावाचा सर्वांत भक्कम पुरावा व्हायरल आजारानंतरच्या वासहानीत आहे. ऑपरेशननंतर तो त्या तोडीचा नाही, पण नुकसान काही नाही, म्हणून मी तो सुचवतो. चारांपैकी एखादा वास घाण येत असेल तर तो सध्या वगळा. खपल्या भरपूर असताना सराव सुरू करण्यात फारसा अर्थ नाही, आधी वाट मोकळी हवी.

जेवणाचे हाल होत असतील तर अन्न गरमागरम न खाता कोमट किंवा गार खा. वाफ कमी, म्हणजे वासही कमी. भाजलेल्या-तळलेल्यापेक्षा उकडलेलं बहुतेकांना सोसतं. वजन उतरायला लागलं किंवा मन फार खचलं तर डॉक्टरांना सांगा. वास बिघडल्यानं येणारी उदासी खरी असते आणि तिच्यावर उपचार करता येतो.

काय करू नये तेही सांगतो. बोटानं, चिमट्यानं, कापसाच्या काडीनं खपल्या ओढू नका. खाली कोवळं अस्तर असतं, रक्त येतं आणि त्याचीच नवी खपली होते. पहिले दोन आठवडे नाक जोरात शिंकरू नका, शिंक आली तर तोंड उघडं ठेवा. नाक मोकळं करणारे थेंब सलग तीन ते पाच दिवसांपेक्षा जास्त घेऊ नका, नाक त्यांच्यावरच अवलंबून राहायला लागतं. नाकात घालायचे झिंकचे जेल किंवा स्प्रे मुळीच नको. त्यांनी वास कायमचा गेल्याच्या तक्रारींवरून अमेरिकेच्या एफडीए या औषध नियंत्रण संस्थेनं २००९ मध्ये अशा उत्पादनांबद्दल इशारा दिला होता. तेलं, अर्क, बाम आत घालू नका. बामचा थंडावा जाणवतो म्हणून वास येतो असंही समजू नका. तो थंडावा चेहऱ्याच्या वेगळ्या नसेतून कळतो. धूम्रपान सुरू असेल तर बरं होण्याच्या वाटेतला सगळ्यात मोठा अडथळा तोच आहे.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी अचानक साबणाचा वास आला आणि पुन्हा गेला, असा अनुभव तुम्हालाही आला असेल. ऑपरेशनच्या वेळी दिलेल्या स्टेरॉइडनं सूज तात्पुरती उतरते, गोळ्या संपल्या की पुन्हा थोडी चढते. आलेला वास गेला म्हणून खचू नका. तो एकदा आला यावरून नस काम करते आहे हे कळलं. काहींना कायमचा वास परतायला तीन महिने, काहींना वर्षभरही लागतं, आणि काहींचा पूर्ण परतत नाही. पॉलिपवाल्यांमध्ये ऑपरेशननंतर वास सुधारण्याची शक्यता चांगली असते, पण हमी मी देत नाही.

काही गोष्टींत मात्र थांबायचं नाही. दिसण्यात बदल, दोन-दोन दिसणं, डोळ्याभोवती सूज किंवा डोळा पुढे आल्यासारखा वाटणं, न थांबणारं ताजं रक्त, मान ताठ होऊन तीव्र डोकेदुखी, मोठा ताप आणि त्यासोबत अंगावर पुरळ किंवा भोवळ: त्याच दिवशी, त्याच तासाला इस्पितळ गाठा. एका नाकपुडीतून पाण्यासारखा पातळ, खारट स्राव वाकल्यावर टपकत असेल तर मेंदूभोवतीचं पाणी गळत असण्याची शंका घ्यावी लागते. इथे एक फरक लक्षात ठेवा: नाक धुतल्यानंतर काही तासांनी वाकताना एकदम पाणी पडणं अगदी नेहमीचं आहे, सायनसमध्ये अडकलेलं धुण्याचंच पाणी ते. पण न धुतलेल्या दिवशीही थेंब पडत असतील तर स्वच्छ डबीत थोडे जमवून आणा. बीटा-२ ट्रान्सफेरिन ही तपासणी करून खात्री करता येते. आणि जळका वास दर वेळी तंतोतंत तसाच, काही सेकंद ते मिनिटभर येत असेल, त्यासोबत पोटातून काहीतरी वर येतंय असं, हे आधी घडलंय असं वाटत असेल, किंवा क्षणभर भान जात असेल, तर ते नाकाचं नसून मेंदूच्या टेम्पोरल भागातल्या फिटचं लक्षण असू शकतं. तेव्हा न्यूरोलॉजिस्टला दाखवा.

घरात एक सावधगिरी लगेच घ्या. जळका वास रोज येणारा माणूस खरा जळका वास येतो तेव्हा दुर्लक्ष करतो, आणि ज्याला वास कमी येतो त्याला गॅसमध्ये मुद्दाम मिसळलेला गंधकाचा वासही कळत नाही. धुराचा आणि गॅसचा अलार्म बसवा. वास आला की एकदा उठून शेगडी बघा, घरातल्या दुसऱ्याला हुंगायला सांगा. उरलेलं अन्न वासावरून नाही, तारखेवरून टाका.

पुढच्या भेटीला ती वही घेऊन जा आणि तीन गोष्टी नेमक्या विचारा: दुर्बिणीतून वरच्या वासाच्या खाचेत सूज, पॉलिप किंवा चिकटलेला भाग दिसतो का, स्राव असेल तर कल्चर घेणार का, आणि वासाची चाचणी आत्ता करून तीन महिन्यांनी पुन्हा करता येईल का, म्हणजे सुधारणा आकड्यात दिसेल. सफाई झाल्यावर सकाळचा वास आठवडाभरात उतरायला हवा. नाही उतरला, किंवा ऑपरेशनला बारा आठवडे होऊनही एका बाजूचा दुर्गंध राहिला, तर नवा सीटी स्कॅन मागायला संकोच करू नका. कॉफीचा वास सुधारायला मात्र त्याहून बराच जास्त काळ लागेल. सुरुवातीला ती कॉफीसारखी न वाटता फक्त कमी वाईट वाटू लागेल. तेवढी सुधारणाही वहीत लिहा, डॉक्टरांना ती उपयोगी पडते.